कोणते व्हायोलिन, हे आधी ठरवावे लागेल

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. आपली मुलगी चौदाव्या वर्षात आहे. आठव्या वर्षापासून ती सांगलीतील गुरुजींकडे बैठकीचे हिंदुस्थानी व्हायोलिन शिकते आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. गेली दोन वर्षे ती ऑनलाइन वर्गातून पाश्चात्त्य पद्धतीही शिकते आणि त्यात तिची (आठपैकी) चौथी ग्रेड झाली आहे. रोज दीड-दोन तास वाजवते, आणि आता ‘मला व्हायोलिनच करायचे आहे’ असे तिने घरी स्पष्ट सांगितले आहे. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: तिच्यात तेवढी कुवत आहे का, आणि या वाद्यावर पोट भरते का.

मी गेली चौतीस वर्षे पुण्यात हे वाद्य वाजवून आणि शिकवून घर चालवतो आहे. एकल वादन, सुगम संगीताची साथ, स्टुडिओतील ध्वनिमुद्रण आणि शिकवणी अशी चारही कामे मी केली आहेत, त्यामुळे अनुभवाला धरून जे सांगता येईल ते सविस्तर सांगतो. तिचे वादन मी ऐकलेले नाही, तिचे गुरुजी कसे शिकवतात हे मला ठाऊक नाही, आणि घरची आर्थिक घडी किती वर्षे धीर धरू शकेल हे फक्त आपल्यालाच माहीत. पुढचे बरेचसे या तीन गोष्टींवर अवलंबून आहे, हे सुरुवातीलाच मान्य करतो.

आपल्या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न येतो. ‘कापडाचा व्यवसाय’ म्हटले की इचलकरंजीत मागावर बसणारा, कपडे शिवणारा आणि दुकानात गठ्ठे उलगडून दाखवणारा, असे तिघेही त्यात येतात. पण एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही आणि एकाची कमाई दुसऱ्यासारखी नसते. ‘व्यावसायिक व्हायोलिनवादक’ या शब्दांचेही तसेच आहे. मैफलीत एकल वादन करणारा, गायकाला किंवा नाट्यपदाला साथ करणारा, स्टुडिओत समोर ठेवलेला कागद पाहून पहिल्याच वाचनात बरोबर वाजवणारा आणि सिंफनी ऑर्केस्ट्रात सोळा जणांच्या रांगेत बसून एकच सूर एकाच गजाने काढणारा, यांच्या हातातले लाकूड तेवढे एक आहे. हात, कान आणि मिळकतीची वाट या तिन्ही बाबतींत ते वेगळे आहेत. आपली मुलगी आज यांपैकी दोन वाटांवर एकाच वेळी चालते आहे. आठव्या-दहाव्या वर्षी ते चांगलेच होते, पण चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत ते चालणार नाही, असे माझे मत आहे. त्याचे कारण हाताच्या पातळीवर उतरून सांगितले पाहिजे.

बैठकीच्या पद्धतीत वाद्याचा माथा उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेला असतो आणि तळ डाव्या खांद्याशी, छातीला लागून असतो. वाद्याचे वजन दोन टोकांनी पेलले जात असल्यामुळे डावा हात पूर्ण मोकळा राहतो आणि एकाच बोटाने तारेवर वरपासून खालपर्यंत सरकता येते. मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता सरकत जाणे, तिथूनच येते. उभ्याच्या पद्धतीत वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरलेले असते, चारही बोटे ठरावीक जागी ठरावीक क्रमाने पडतात, आणि हात एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाताना मधला प्रवास ऐकू येऊ नये यासाठी वर्षानुवर्षे मेहनत घेतली जाते. म्हणजे एका पद्धतीत जो प्रवास हेच संगीत आहे, तोच दुसऱ्या पद्धतीत झाकायचा असतो. जुळवणीही वेगळी असते. पाश्चात्त्य पद्धतीत जी-डी-ए-ई या चार तारांमध्ये प्रत्येक ठिकाणी पंचमाचे अंतर असते. आपल्याकडे बहुतेक जण सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा असे लावतात, त्यामुळे काही ठिकाणी पंचमाचे तर काही ठिकाणी मध्यमाचे अंतर येते आणि बोटांचा सगळा नकाशाच बदलतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी सोळा वर्षांचा एक मुलगा आला. सहा वर्षे उभ्याने शिकलेला, सुरेल, वाचन अतिशय चांगले. मी त्याला दरबारी रागाचा गंधार लावायला सांगितला. त्याचे बोट पट्टीवर टेकले आणि त्याच क्षणी ते थरथरू लागले, कारण लांबलेल्या प्रत्येक सुरावर व्हायब्रेटो द्यायचा हे त्याच्या मनगटाला शिकवलेले होते. दरबारीचा गंधार हलतो, पण तो अतिकोमल गंधार रिषभाच्या आधाराने, मंद आणि जड गतीने हलतो. त्याला आंदोलन म्हणतात, थरथर म्हणत नाहीत. त्या मुलाला नुसता स्थिर षड्ज धरायला शिकवण्यात माझे आठ महिने गेले. दोष त्याचाही नव्हता आणि त्याच्या आधीच्या शिक्षकांचाही नव्हता. उलट दिशेनेही हेच घडते: बैठकीत तयार झालेले मूल उभे राहून मोझार्ट वाजवू लागले की प्रत्येक दोन सुरांमध्ये बारीकशी मींड येते आणि परीक्षक पहिल्या चार ओळींतच पेन खाली ठेवतो.

दोन्ही पद्धतींत उत्तम वाजवणारे लोक नाहीत असे नाही. परंतु त्यांपैकी बहुतेकांनी आधी एक घर पक्के बांधले आणि मग दुसऱ्यात गेले. एन. राजम यांचेच पाहा. वडिलांकडे आणि मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्याकडे कर्नाटक संगीताची पक्की तालीम घेतल्यानंतर त्या ओंकारनाथ ठाकुरांकडे गेल्या आणि गायकी अंगाचे, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखे वाजणारे, व्हायोलिन उभे केले. पहिली बैठक मजबूत होती म्हणून दुसरी पेलली.

आता पोटापाण्याविषयी. आपल्या मनात बहुधा एकल वादकाचे चित्र असेल: सवाई गंधर्व महोत्सवाचा मंच, समोर हजारो रसिक. ती वाट खरी आहे आणि तिचे मोल मी मुळीच कमी करत नाही, पण ज्यांची नावे आपण आदराने घेतो त्यांचे घर कशावर चालत होते, हेही पालकांनी पाहिले पाहिजे. राजम यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात जवळजवळ चाळीस वर्षे अध्यापन केले. मुंबईत जन्मलेले व्ही. जी. जोग लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवत होते आणि पुढे आकाशवाणीत गेले. आपल्याच भागातल्या औंधच्या अंतुबुवा जोशींचे चिरंजीव गजाननराव जोशी (१९११-१९८७) व्हायोलिन वाजवत, गात, आकाशवाणीत काम करत आणि शिष्य घडवत. उल्हास कशाळकर त्यांचे शिष्य. म्हणजे मोठ्या वादकांनीही मैफलीच्या बिदागीवर संसार टांगून ठेवला नव्हता. त्यांच्या काळी महाविद्यालय आणि रेडिओ हे दोन भक्कम खांब होते. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ मध्ये सुरू झाला तेव्हा पगारी वादक हा एक मान्य पेशा होता. आज आकाशवाणीच्या चाचणीतून कलाकाराला मिळणारी श्रेणी अवश्य मिळवावी, कारण बी-हाय किंवा ए श्रेणीला आयोजकांच्या आणि संस्थांच्या लेखी अजून वजन आहे. पण तिथल्या पगारी नोकरीच्या भरवशावर आज कोणी आयुष्याची आखणी करू नये.

एकल वादनाची आणखी एक अडचण आपल्याकडच्या रचनेतच आहे, आणि ती पालकांना सहसा कोणी सांगत नाही. कर्नाटक संगीतात जवळजवळ प्रत्येक गायन कच्चेरीला (मैफलीला) व्हायोलिनची साथ असते. त्यामुळे चेन्नईतील मार्गळी हंगामात (डिसेंबर-जानेवारीतल्या संगीत महोत्सवांच्या काळात) तरुण वादक महिनाभर साथीला बसतो, त्यातून त्याला पैसे मिळतात, शिक्षण होते, नाव होते आणि मग एकल वादनाची संधी येते. हिंदुस्थानी ख्यालाच्या बैठकीत साथीची ती जागा हार्मोनियमने आणि काही प्रमाणात सारंगीने घेतलेली आहे. आपल्या वादकाला साथीची ही शिडी आयती मिळत नाही. त्याला थेट वरच्या पायरीवर उडी मारावी लागते. दामोदर केशव तथा डी. के. दातार यांनी कुरुंदवाडच्या घरातून येऊन द. वि. पलुसकरांच्या गायकीत स्वतःला मुरवून घेतले आणि त्यांची साथही केली. आजच्या मुलीला अशी संधी हवी असेल तर ती स्वतः शोधावी लागते: गायन शिकणाऱ्या समवयस्क मुलींच्या मागे बसायचे, पैसे न घेता बसायचे, आणि गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर गज वळवायला शिकायचे. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिली तीन वर्षे हेच करायला लावतो. ज्याला बंदिश गाता येत नाही त्याला ती वाजवता येत नाही, हे मी वर्गातल्या पहिल्याच दिवशी सांगतो आणि प्रत्येक बंदिश आधी गळ्यातून घेतो.

सुगम संगीत आणि नाट्यसंगीत ही महाराष्ट्रातील साथीची खरी जागा. १९५५ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्या गाण्यांच्या साथीत आणि पुढे सुधीर फडक्यांच्या शेकडो कार्यक्रमांत प्रभाकर जोगांचे व्हायोलिन होते. गाण्याचे शब्द ऐकू यावेत इतके स्पष्ट वाजवणे म्हणजे काय, याचा आमच्या पिढीने घेतलेला धडा तोच होता. आजही भावगीतांच्या कार्यक्रमांना, अभंगवाणीला, दिवाळी पहाटेला व्हायोलिन लागते. या कामात एका कार्यक्रमात वीस-बावीस गाणी असतात, प्रत्येकाची पट्टी (षड्जाची उंची) वेगळी असते, गायक ऐनवेळी पट्टी बदलतो, आणि मधल्या संगीताचे तुकडे मूळ ध्वनिमुद्रणाप्रमाणेच वाजले पाहिजेत अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. येथे रागाच्या खोलीपेक्षा पाठांतर, पट्टी बदलण्याची तयारी आणि वेळेवर पोहोचणे यांची किंमत जास्त. कार्यक्रमांचा ओघ दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो आणि पावसाळ्यात बराच आटतो. मानधन पुष्कळदा कार्यक्रमानंतर, कधी कधी महिन्यांनी हाती येते. माझ्या उमेदीच्या काळात एका आयोजकाकडे सात कार्यक्रमांचे पैसे राहिले ते राहिलेच. तेव्हापासून मी तारीख लिहून घेतो आणि निम्मी रक्कम आधी घेतो. आपल्या मुलीलाही ही सवय पहिल्या कार्यक्रमापासून लावा.

स्टुडिओच्या कामाविषयी थोडे स्पष्ट बोलतो, कारण जुन्या लोकांच्या आठवणी ऐकून बरेच पालक त्यावर आशा ठेवतात. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा तंतुवाद्यांचा ताफा एकेकाळी मोठ्या प्रमाणावर गोव्याहून आलेल्या वादकांवर उभा होता. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई, त्यामुळे कागद समोर ठेवताच वाजवणारी माणसे तिथे पिढ्यानपिढ्या तयार होत होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ते दिवस कीबोर्ड आणि संगणकावरील ध्वनींनी १९९० च्या दशकापासून झपाट्याने संपवले. आज एकाच वादकाला बोलावून त्याचेच चार-सहा थर मुद्रित करतात, आणि मोठ्या चित्रपटाला भरघोस तंतुवाद्ये हवी असतील तर चेन्नईला किंवा थेट बुडापेस्टला जातात. काम पूर्ण गेलेले नाही. घरी चांगला माइक असेल, स्वच्छ मुद्रित करून ट्रॅक पाठवता येत असेल, आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) व आपले स्वरलेखन दोन्ही सहज वाचता येत असेल, तर त्यातून जोड उत्पन्न होते. मुख्य उत्पन्न म्हणून ते धरू नये. आपल्या मुलीने ऑनलाइन वर्गात जे वाचन शिकून घेतले आहे ते मात्र वाया जाणारे नाही. ती पुढे काहीही करो, ते टिकवून ठेवा.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची वाट तिला हवी असेल तर गणित निराळे आहे. भारतात पूर्णवेळ व्यावसायिक असा एकच ऑर्केस्ट्रा मी नाव घेऊन सांगू शकतो, तो म्हणजे मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कला केंद्रातील सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. तो २००६ मध्ये कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि त्यात परदेशी वादकांची संख्या मोठी आहे, कारण त्या दर्जाचे पुरेसे वादक आपल्याकडे तयार होत नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी २०१२ मध्ये स्वतःची अकादमी सुरू केली, आणि तिथे लहान मुलांना आठवड्यातून अनेकदा शिकवले जाते. आठवड्यातून एकदा, पडद्यावरून, तीस-चाळीस मिनिटे हे त्या शिक्षणाच्या जवळपासही येत नाही. युरोपातील ऑर्केस्ट्रांच्या चाचण्या बहुधा पडद्याआडून होतात. वादक दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मोझार्टच्या कोंचेर्टोचा पहिला भाग, रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चे पहिले पान आणि मोझार्टच्या ३९व्या सिंफनीचा शेवटचा भाग असे ठरलेले उतारे वाजवायचे, आणि एका जागेसाठी शेकडो अर्ज. त्यासाठी क्रॉइत्झर या जुन्या व्हायोलिनवादकाने लिहिलेले बेचाळीस अभ्यास (सरावाच्या रचना) सोळाव्या वर्षाच्या आत हातात बसलेले असणे ही किमान तयारी समजतात. चौथ्या ग्रेडवर असलेल्या, चौदाव्या वर्षातल्या मुलीला हे अशक्य आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यासाठी याच वर्षी मुंबईला किंवा गोव्याला उत्तम शिक्षकासमोर बसून शिकावे लागेल, बैठकीचे वादन थांबवावे लागेल, आणि अठराव्या वर्षी परदेशी प्रवेशाची तयारी ठेवावी लागेल. जर्मनीतील बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणशुल्क फारसे नसते, तरी राहण्या-जेवण्याचा खर्च आणि भाषा आहेच, आणि प्रवेशपरीक्षा अत्यंत कठीण.

आता कुवतीबद्दल. हा शब्द आपण फार मोठा करून ठेवतो. १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाने एकट्याने केलेला रियाज सरासरी सुमारे ७,४०० तास, चांगल्या गटाचा सुमारे ५,३०० तास आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा सुमारे ३,४०० तास भरला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत तसाच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा सर्वात खालचा गट मागेच राहिलेला दिसला, पण ‘सर्वोत्तम’ आणि ‘चांगले’ यांच्या तासांत फरक सापडला नाही. माझ्या वर्गातले चित्रही याच्याशी जुळते. पुरेसे तास नसतील तर दारातच अडायला होते. तास भरल्यावर मात्र पुढे काय घडेल ते तासांच्या हिशेबावरून सांगता येत नाही. ते कान, गुरू, स्वभाव आणि प्रकृती ठरवतात. आपल्या मुलीचा दीड-दोन तास हा छंदाचा चांगला रियाज आहे. पेशाकडे वळायचे तर तो दोन वर्षांत साडेतीन ते चार तासांवर गेला पाहिजे, आणि तोही सलग नव्हे, तर तासा-तासाच्या तुकड्यांत, मध्ये हात पूर्ण सोडून.

हात सोडण्याबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण मी स्वतः चुकलो. बावीस वर्षांचा असताना एका स्पर्धेच्या तयारीत मी दिवसाला सात तास वाजवत होतो. डाव्या खांद्यात कळ येत होती, आणि ती सहन करणे म्हणजेच तपश्चर्या अशी माझी समजूत होती. स्पर्धेच्या आठवडाभर आधी तर्जनी उचलता येईना. पुढचे पाच महिने वाद्य पेटीत राहिले आणि त्या काळात मी फक्त गायलो. बैठकीच्या वादकांना कंबर, गुडघा आणि उजवा घोटा त्रास देतात, उभ्याच्या वादकांना मान आणि जबडा. दुखते म्हणून मूल सांगत असेल तर त्या दिवशी वाजवायचे थांबवा, आणि चार दिवसांनी पुन्हा दुखले तर गुरुजींना बैठक तपासायला सांगा.

मुलीची तयारी स्वतः पारखायची असेल तर एक गोष्ट करून पाहा. त्यासाठी आपल्याला संगीत येण्याची गरज नाही. तंबोरा लावा, सेकंदाला एक ठोका असा मेट्रोनोम ठेवा आणि तिला मोकळ्या तारेवर एकाच गजात सोळा ठोके षड्ज धरायला सांगा, मग उलट गजाने पुन्हा सोळा. गज मुठीपाशी जड असतो आणि टोकाकडे हलका होत जातो, त्यामुळे टोकाशी आवाज बारीक होऊ न देण्यासाठी तर्जनीने दाब वाढवावा लागतो आणि परत येताना तो करंगळीने उचलून घ्यावा लागतो. आपण डोळे मिटून ऐका. गज कुठे वळला हे ओळखू आले, तर आस, म्हणजे सुराची अखंडता, तुटते आहे. असे दहा मिनिटे करायला सांगितल्यावर ती कंटाळते, की ‘थांबा, पुन्हा करते, मघाशी टोकाशी सूर हलला’ असे आपणहून म्हणते, याकडे लक्ष द्या. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी पेशात टिकले ते दुसऱ्या प्रकारचे होते. परीक्षेतले गुण मी त्यानंतर पाहतो. विशारद आणि अलंकार या परीक्षा अवश्य द्याव्यात, शाळेत किंवा संस्थेत शिकवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, पण परीक्षेची चार-पाच राग वर्षभर घोकण्याची पद्धत आणि मैफलीची तयारी या एक नव्हेत. एकच राग वर्षभर रोज तासभर वाजवून घेणारे गुरुजी लाभले असतील तर त्यांना सोडू नका.

शिकवणे या कामाला मी शेवटी हात घालतो आहे, पण मिळकतीत ते पहिले आहे. माझ्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग नेहमी शिकवण्यातूनच आला, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक वादकांचेही तसेच आहे. आता त्यात परदेशातील मराठी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या वाढल्या आहेत; पहाटे अमेरिकेतली आणि संध्याकाळी इंग्लंडमधली मुले असतात, त्यामुळे स्वतःच्या रियाजाची वेळ जपावी लागते. आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांना पट्टीवर जागा कशी सापडवून द्यायची, पाव आणि अर्ध्या मापाचे वाद्य केव्हा बदलायचे, हे शास्त्र आहे आणि ते शिकूनच येते. शिकवणे म्हणजे मैफल न मिळाल्याची भरपाई, असे घरात कोणी म्हणत असेल तर ते तिच्या कानावर पडू देऊ नका. मला माझ्या स्वतःच्या वादनातले जितके दोष कळले ते विद्यार्थ्यांना समजावताना कळले.

शाळेविषयी आपण विचारलेले नाही, तरी पुढचा प्रश्न तोच असणार. दहावी नीट करावी. अकरावीला विज्ञान घेऊन त्यात प्रवेशपरीक्षांचे वर्ग लावले तर चार तासांचा रियाज होत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. वाणिज्य किंवा कला शाखेत तो होतो. बारावीनंतर पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारखी ठिकाणे आहेत. तिथे संगीतात पदवी घेता येते, आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर नेट-सेट देऊन प्राध्यापकीचा मार्ग खुला राहतो. व्हायोलिनसाठी गुरू कोण आहेत हे मात्र अर्जाआधी जाऊन विचारा. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी असते, म्हणजे तिच्यासाठी ही शेवटची संधी आहे. अर्जाची तारीख याच आठवड्यात पाहून घ्या. सोळाव्या वर्षापासून आकाशवाणीची संगीत स्पर्धा देता येते, आणि अठरा ते पंचवीस वयात केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती असते.

आजवर जे सांगितले त्यावरून माझा सल्ला असा बनतो. तिला या उन्हाळ्याच्या सुट्टीत चार ठिकाणी घेऊन जा: एक बैठकीची मैफल, एक भावगीतांचा कार्यक्रम, शक्य झाल्यास एनसीपीएमधील सिंफनीची एक संध्याकाळ, आणि एखाद्या व्हायोलिन शिक्षकाचा पूर्ण दिवसाचा वर्ग, ज्यात दुपारी तीन वाजता सलग सहावे मूल तेच चुकीचे बोट ठेवते. प्रत्येक ठिकाणी तिने वादकाच्या हाताकडे पाहावे. त्यानंतर कोणत्या खुर्चीत किंवा कोणत्या गादीवर आपण स्वतःला पाहतो, हे तिचे तिला ठरवू द्या. माझा स्वतःचा कल विचाराल तर सहा वर्षे बैठकीत शिकलेल्या आणि सांगलीसारख्या गावात गाण्याच्या वातावरणात वाढलेल्या मुलीने हिंदुस्थानीच पुढे न्यावे, ऑनलाइन वर्गातून फक्त वाचन चालू ठेवावे, आणि आठवड्यातून दोन दिवस गायन शिकावे. निर्णय झाला की दोन्ही गुरूंना तो तिने स्वतः जाऊन सांगावा. गायन सुरू करण्यासाठी मात्र निर्णयाची वाट पाहू नका. ते या महिन्यातच सुरू करता येईल.